मुलाखत-संवाद व इंग्रजी व्याकरणाचा सराव

नोकरीसाठी होणाऱ्या मुलाखतीतील प्रश्नोत्तरांच्या धर्तीवर संवाद रचून किंवा वर्गात प्रत्यक्ष घडवून आणून त्याद्वारे इंग्रजी व्याकरणातील रूपे अंगवळणी पाडण्याची एक अध्यापनरीती. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गांत ती विशेष प्रचलित आहे. मुलाखत हा शब्द फार्सीमार्गे मराठीत आलेला असून त्याचा मूळ अर्थ भेट असा आहे. नोकरीच्या भेटीत एक पक्ष विचारतो व दुसरा सांगतो. जे सांगावयाचे ते स्वतःचे शिक्षण, पूर्वीचे काम, सध्याचे काम व पुढील हेतू यांविषयी असते. त्यामुळे क्रियापदाचा काळ, प्रश्नाची रचना, उपपदे, विनयदर्शक साहाय्यक क्रियापदे आणि संकेतार्थी वाक्ये यांतील निवड उमेदवाराला पावलोपावली करावी लागते. नियम माहीत असणे आणि बोलताना त्या नियमानुसार योग्य रूप वेळेवर सुचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कमी करणे हा या सरावाचा उद्देश होय. संवाद पाठ करून घेतला, तर हा उद्देश विफल होतो. कारण पाठ केलेल्या उत्तरात निवड उरतच नाही.

पूर्वपीठिका : परभाषा संवादातून शिकविण्याची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमधील बेनिडिक्टाइन मठवासी एल्फ्रिक याने इ. स. १०००च्या सुमारास मठातील मुलांना लॅटिन बोलता यावे, म्हणून एक संवाद रचला. त्यात मुले नांगऱ्या, मेंढपाळ, शिकारी, कोळी, व्यापारी इत्यादींच्या भूमिका घेतात व गुरू त्यांना त्यांच्या कामाविषयी प्रश्न विचारतो. नांगऱ्या पहाटे बैल घेऊन शेतात जाण्याचा आपला नित्यक्रम सांगतो. ओघानेच विद्यार्थ्याला नेहमी घडणाऱ्या क्रिया दर्शविणाऱ्या वर्तमानकाळाचा सराव घडतो. शेवटी कोणता व्यवसाय श्रेष्ठ, असा वादही होतो. व्यवसायाविषयीची प्रश्नोत्तरे व्याकरणास उपकारक ठरतात, ही जाणीव या संवादात स्पष्टपणे दिसते. डच मानवतावादी पंडित इरॅस्मस याचे लॅटिन संवाद १५१८ मध्ये प्रथम छापले गेले व यूरोपातील शाळांत ते दीर्घकाळ वापरात होते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी झाक बेलो याने १५८६ मध्ये लंडनमध्ये संवादांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते मुख्यत्वे फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांसाठी होते. इंग्रजी वाक्य, त्याचे फ्रेंच भाषांतर आणि फ्रेंच लेखनपद्धतीने दिलेला त्याचा उच्चार अशी त्याची मांडणी होती. परक्या देशात बाजारहाट व उद्योग करून राहावयाचे, तर तेथील भाषा बोलता आली पाहिजे, ही त्या वाचकांची निकड होती.

पुढे शाळांतून व्याकरण व भाषांतर यांवर भर देणारी पद्धत रूढ झाली. नियम, शब्दांची यादी व भाषांतरासाठी सुटी वाक्ये असा तिचा क्रम होता. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांनी इंग्रजी वाक्यरचनेचा अभ्यास केला. या पद्धतीने वाक्याच्या घडणीचे नेमके ज्ञान होई. परंतु बोलण्याची सवय तिच्यातून आपोआप लागत नसे. जर्मन भाषाभ्यासक व्हिल्हेल्म फीटोर याने १८८२ मध्ये एका पुस्तिकेद्वारे भाषाध्यापनात मूलगामी बदलाची मागणी केली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत वाक्यनमुन्यांच्या तोंडी घोकंपट्टीवर आधारलेली पद्धत प्रभावी ठरली. तीत संवाद होते. पण ते प्रायः मुखोद्गत करावयाचे असत. १९७०च्या सुमारास डेल हाइम्झ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ‘संप्रेषणक्षमता’ ही संकल्पना पुढे मांडली. वाक्य व्याकरणशुद्ध असणे पुरेसे नाही, ते प्रसंगाला व व्यक्तीला साजेसे असावे लागते, असा तिचा आशय आहे. १९७५ मध्ये यूरोप परिषदेने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या प्राथमिक क्षमतेच्या आराखड्यात माहिती विचारणे, विनंती करणे, मत देणे अशा भाषिक कार्यांनुसार अभ्यासक्रमाची मांडणी आढळते. यानंतर भूमिकाभिनय आणि त्यातही नोकरीची मुलाखत यांना पाठ्यपुस्तकांत मोठे स्थान मिळाले.

भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प या नावाने ओळखला जातो. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थावर केंद्रित झालेले असताना व्याकरण अधिक चांगले आत्मसात होते, असे त्यामागील गृहीतक होते. प्रभूंनी वर्गातील कार्यांचे तीन प्रकार सांगितले : एकाजवळील माहिती दुसऱ्याजवळ नसणे, दिलेल्या माहितीवरून अनुमान काढणे आणि स्वतःचे मत मांडणे. मुलाखतीत हे तिन्ही प्रकार एकत्र येतात. मुलाखतकाराला उमेदवाराची माहिती नसते, उत्तरांवरून तो अनुमान काढतो आणि उमेदवाराचे मतही विचारतो.

काळाची निवड : मुलाखतीतील बहुतेक प्रश्न भूतकालीन अनुभवाचा वर्तमानाशी असलेला संबंध विचारतात. इंग्रजीत हा संबंध दाखविण्यासाठी पूर्ण वर्तमानकाळ वापरतात. मराठी भाषकाची अडचण नेमकी येथेच होते. मराठीत ‘मी २०१८ साली पदवी घेतली आहे’ असे म्हणता येते. इंग्रजीत निश्चित भूतकाळ दर्शविणारा शब्द आला, की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. त्यामुळे ‘आय हॅव पास्ड इन २०१८’ हे वाक्य सदोष असून ‘आय पास्ड इन २०१८’ हे शुद्ध आहे. उलटपक्षी, जे काम अद्याप चालू आहे त्यासाठी मराठीत साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. ‘मी तीन वर्षांपासून येथे काम करीत आहे’ या वाक्याच्या छायेने ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असे वाक्य तयार होते. त्यात दोन दोष आहेत. पहिला क्रियापदाचा असून तेथे ‘हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ हवे. दुसरा दोष ‘पासून’ या शब्दयोगी अव्ययातून येतो. मराठीत ते आरंभबिंदू व कालावधी या दोहोंना लागते. इंग्रजीत आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ व कालावधीसाठी ‘फॉर’ अशी विभागणी आहे : ‘सिन्स जून’, परंतु ‘फॉर थ्री इयर्स’.

ही निवड केवळ औपचारिक नाही. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ असे म्हणणाऱ्याने ते काम सोडले आहे. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ असे म्हणणारा सामान्यतः अजून तेथेच आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या दृष्टीने उमेदवार सध्या नोकरीत आहे की नाही, हा महत्त्वाचा प्रश्न असतो. एका साहाय्यक क्रियापदाच्या अभावी त्याचा चुकीचा समज होऊ शकतो. रूप बदलले की अर्थ बदलतो व अर्थ बदलला की परिणाम बदलतो, हे विद्यार्थ्याला येथे प्रत्यक्ष दिसते.

प्रश्नरचना व होकार-नकार : मराठीत विधानाच्या शेवटी ‘का’ जोडून प्रश्न होतो, शब्दांचा क्रम बदलण्याची गरज नसते. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्यापूर्वी आणावे लागते आणि ते नसेल, तर ‘डू’ या क्रियापदाचे योग्य रूप योजावे लागते. ‘व्हाय यू वाँट धिस जॉब?’ यासारखी रचना त्यामुळे वारंवार आढळते. शुद्ध रूप ‘व्हाय डू यू वाँट धिस जॉब?’ असे आहे. हा नियम पक्का झाल्यावर त्याच्याच अतिव्याप्तीची चूक होऊ लागते. प्रश्न दुसऱ्या वाक्यात अंतर्भूत झाला, तर क्रम पुन्हा विधानाचाच राहतो. ‘व्हेन डझ द वर्क बिगिन?’ हा सरळ प्रश्न. पण ‘कुड यू टेल मी व्हेन द वर्क बिगिन्स?’ असा अप्रत्यक्ष प्रश्न. मुलाखतीत मुलाखतकार बहुधा सरळ व उमेदवार बहुधा अप्रत्यक्ष प्रश्न विचारतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही भूमिका करावयास लावणे आवश्यक असते. केवळ उमेदवार झालेल्याला प्रश्नरचनेचा सराव जवळजवळ मिळतच नाही.

नकारात्मक प्रश्नाचे उत्तर हे आणखी एक अडचणीचे स्थळ आहे. ‘तुम्ही बँकेत काम केलेले नाही ना?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, नाही केलेले’ असे उत्तर देता येते. ‘हो’ म्हणून प्रश्नकर्त्याच्या समजुतीला दुजोरा दिला जातो. इंग्रजीत मात्र उत्तर वस्तुस्थितीला अनुसरून द्यावयाचे असल्याने ‘नो, आय हॅवन्ट’ असेच म्हणावे लागते. अशा वेळी उमेदवाराने नुसते ‘येस’ म्हटले, तर त्याला बँकेतील अनुभव आहे असा विपरीत अर्थ घेतला जाण्याचा संभव असतो.

विनय व संकेतार्थ : मराठीत आदर ‘तुम्ही’, ‘आपण’ या सर्वनामांनी व क्रियापदाच्या अनेकवचनाने दाखविता येतो. आधुनिक इंग्रजीत ‘यू’ हे एकच सर्वनाम असल्याने हे कार्य मुख्यतः साहाय्यक क्रियापदांकडे आले आहे. ‘आय वाँट टू नो’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असले, तरी औपचारिक भेटीत ते रोखठोक वाटते; ‘आय वुड लाइक टू नो’ हे सौम्य ठरते. ‘वुड’, ‘कुड’ ही रूपाने भूतकालीन असली, तरी येथे त्यांचा भूतकाळाशी संबंध नसून बोलणारा स्वतःला किंचित दूर ठेवून नम्रता सुचवितो. मराठीत ‘सांगा’ ऐवजी ‘सांगाल का?’ असे भविष्यकाळी रूप योजून जे साधते, त्याच जातीचे हे कार्य आहे. ही तुलना विद्यार्थ्याला चटकन पटते.

संकेतार्थी वाक्यांतही रूप व अर्थ यांची फारकत दिसते. ‘नोकरी मिळाली तर मी पुण्यात राहीन’ या मराठी वाक्यात ‘मिळाली’ हे रूप भूतकाळाचे असून अर्थ भविष्यातील शक्यतेचा आहे. इंग्रजीत येथे वर्तमानकाळी रूप येते : ‘इफ आय गेट द जॉब, आय विल लिव्ह इन पुणे’. भूतकाळी रूप योजले, तर शक्यता दूरची किंवा काल्पनिक ठरते. मुलाखतीत ‘असे घडले तर तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न हटकून येतो व तेथे मात्र काल्पनिक रचनाच बहुधा अभिप्रेत असते. ‘इफ’ला लागून येणाऱ्या शर्तीत सामान्यतः ‘विल’ येत नाही, हाही नियम या निमित्ताने दृढ होतो.

नमुना : दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाच्या जागेसाठी होणाऱ्या मुलाखतीचा पुढील अंश उदाहरणादाखल घेता येईल.

मुलाखतकार : व्हेअर डू यू वर्क नाउ?
उमेदवार : आय वर्क इन अ स्मॉल लॅबोरेटरी. आय टेस्ट मिल्क सॅम्पल्स.
मुलाखतकार : हाउ लाँग हॅव यू वर्क्ड देअर?
उमेदवार : फॉर थ्री इयर्स. बिफोर दॅट, आय वर्क्ड इन अ डेअरी.
मुलाखतकार : व्हाय डिड यू लीव्ह द डेअरी?
उमेदवार : इट मूव्ह्ड टू अनदर टाउन.
मुलाखतकार : व्हॉट वुड यू डू इफ टू टेस्ट्स गेव्ह डिफरंट रिझल्ट्स?
उमेदवार : आय वुड रिपीट बोथ. कुड यू टेल मी व्हेन द वर्क बिगिन्स?

या आठ संभाषितांत नित्य वर्तमान, पूर्ण वर्तमान, साधा भूतकाळ, काल्पनिक संकेत व अप्रत्यक्ष प्रश्न एवढी रूपे आली आहेत. डेअरीचा उल्लेख प्रथम ‘अ’ या अनिश्चित उपपदाने होतो. मुलाखतकार तिच्याविषयी पुन्हा विचारतो, तेव्हा ती दोघांनाही ज्ञात झालेली असल्याने ‘द’ हे निश्चित उपपद येते. मराठीत उपपदे नाहीत. ‘एक’ आणि ‘तो, ती, ते’ ही सर्वनामे त्यांचे कार्य अंशतःच करतात. त्यामुळे सुट्या वाक्यांवरून हा भेद समजणे कठीण असते. दोन व्यक्तींमधील सलग संभाषणात मात्र एखादी गोष्ट नवी केव्हा व परिचित केव्हा, हे उघड दिसते. व्यवसाय सांगताना ‘आय ॲम इंजिनिअर’ न म्हणता ‘आय ॲम ॲन इंजिनिअर’ म्हणावे लागते, हेही येथेच सांगण्यासारखे आहे.

सरावाचे टप्पे : सामान्यतः पाच टप्पे केले जातात. प्रथम विद्यार्थी नमुना संवाद ऐकतात व त्यातील आशय सांगतात. दुसऱ्या टप्प्यात विशिष्ट रूपांकडे लक्ष वेधले जाते, उदा., ‘हॅव वर्क्ड’ व ‘वर्क्ड’ यांतील भेद त्यांनीच अर्थावरून शोधावा, अशी अपेक्षा असते. तिसऱ्या टप्प्यात संवादाचा सांगाडा कायम ठेवून तपशील बदलतात. चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून त्यात मुलाखतकार व उमेदवार यांना वेगवेगळी टिपणे देतात. उमेदवाराच्या टिपणात कामाचा पूर्वेतिहास, तर मुलाखतकाराच्या टिपणात जागेच्या अटी असतात. एकमेकांचे टिपण न पाहता संभाषण करावयाचे असल्याने प्रश्न खरा होतो व उत्तर ऐकावेच लागते. प्रत्येक उत्तरावर पूर्वी न ठरविलेला एक तरी उपप्रश्न विचारण्याचे बंधन घातल्यास पाठांतराला आळा बसतो. पाचव्या टप्प्यात चुकांची चर्चा करून भूमिकांची अदलाबदल करतात व तीच मुलाखत नव्या जोडीदारांबरोबर पुन्हा घेतात. दुसऱ्या खेपेस काय सांगावयाचे याचा भार हलका झालेला असल्याने कसे सांगावयाचे याकडे लक्ष देता येते. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला स्वतःची उत्तरे ध्वनिमुद्रित करून, नंतर ती ऐकून व लिहून काढून क्रियापदांची रूपे तपासता येतात.

चुकांची दुरुस्ती : संभाषण चालू असताना प्रत्येक चुकीवर थांबविले, तर बोलणे खुंटते, मुळीच न थांबविले, तर चूक रुळते. चुकीचे वाक्य शिक्षकाने सहजपणे शुद्ध करून उच्चारणे हा मध्यममार्ग वर्गांत फार आढळतो. तथापि कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून रॉय लिस्टर व लायला रांटा यांनी १९९७ मध्ये असे दाखविले, की शिक्षकांनी सर्वाधिक वापरलेल्या या उपायाला विद्यार्थ्यांचा प्रतिसाद सर्वांत कमी होता. शिक्षक आपल्या म्हणण्याला दुजोरा देत आहेत, असा विद्यार्थ्याचा समज होणे शक्य असते. मुलाखत-संवादात अर्थ विचारणारी दुरुस्ती अधिक उपयुक्त ठरते. ‘आय वर्क्ड देअर’ असे ऐकल्यावर ‘म्हणजे आता तेथे काम करीत नाही काय?’ असे विचारले, की उमेदवार आपले रूप स्वतःच सुधारतो. अर्थावर परिणाम न करणाऱ्या चुकांची नोंद करून ठेवून त्यांची चर्चा संभाषण संपल्यावर करणे इष्ट होय.

मर्यादा : व्याकरण सुधारले म्हणजे मुलाखत यशस्वी होते, असे नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ (१९२२–२०१३) यांनी ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई कामगार व स्थानिक लोक यांच्यातील संभाषणांचा अभ्यास केला. त्यांचे ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ (१९८२) या ग्रंथातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका विमानतळावरील उपाहारगृहात नव्याने नेमलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया ‘ग्रेव्ही?’ हा शब्द चढत्या सुराऐवजी उतरत्या सुरात उच्चारीत. त्यामुळे प्रश्न हा प्रश्न न वाटता, घ्यावयाचे तर घ्या, अशा अर्थाचे विधान वाटे व त्या उद्धट समजल्या जात. शब्द व व्याकरण यांत दोष नव्हता. भेद सुराच्या संकेताचा होता. बीबीसीने १९७९ मध्ये प्रसारित केलेल्या ‘क्रॉसटॉक’ या कार्यक्रमाच्या निर्मितीशीही गंपर्झ यांचा संबंध होता. अशा गैरसमजांमुळे पात्र माणसाची नोकरी कशी हुकते, हे त्यात दाखविले होते. म्हणून सुराघात, उत्तराची लांबी व मुद्द्यांचा क्रम यांचाही सराव करावा लागतो.

दुसरी मर्यादा शुद्धतेच्या कल्पनेशी निगडित आहे. ब्रज काचरू (१९३२–२०१६) प्रभृती अभ्यासकांनी भारतीय इंग्रजी ही चुकांची गोळाबेरीज नसून इंग्रजीचा एक स्वतंत्र प्रकार आहे, असे प्रतिपादन केले. ‘डिस्कस अबाउट’ यासारखे प्रयोग भारतात इतके सार्वत्रिक आहेत, की ते ऐकणाऱ्याला अर्थ कळण्यात काहीही अडचण पडत नाही. तथापि लेखी इंग्रजीत व परदेशी श्रोत्यासमोर ते खटकतात. यासाठी अध्यापनात दोन प्रकारच्या चुकांत भेद करणे हिताचे असते. नोकरी चालू आहे की सुटली, अनुभव आहे की नाही, प्रसंग प्रत्यक्ष की काल्पनिक, अशा बाबतींत गोंधळ उडविणाऱ्या चुका प्रथम दूर कराव्यात. केवळ प्रांतीय वळण दर्शविणाऱ्या प्रयोगांकडे नंतर वळावे. हा भेद मुलाखत घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या कामात इंग्रजी बोलण्याची गरज नाही, त्यासाठी इंग्रजीच्या सफाईवरून निवड केली, तर कामातील कौशल्याची परीक्षा न होता उमेदवाराला मिळालेल्या शालेय संधीचीच परीक्षा होते.